शब्द मिळवणे आणि शब्द देणे : विद्यापीठीय इंग्रजीच्या शब्दसंपत्तीचा नैतिक प्रश्न

१

इंग्रजीतील 'व्होकॅब्युलरी' या संज्ञेला मराठीने 'शब्दसंपत्ती' हा पर्याय स्वीकारला आहे. 'शब्दसंग्रह' आणि 'शब्दभांडार' हे पर्यायही त्याच कुळातले. शब्द ही साठवता येणारी, मोजता येणारी आणि प्रसंगी खर्च करता येणारी वस्तू आहे, ही कल्पना या तिन्ही संज्ञांच्या मुळाशी आहे. मराठीतच मात्र शब्दाविषयी आणखी एक समजूत वावरते. माणूस शब्द देतो, शब्द पाळतो, शब्दाला जागतो, दुसऱ्यासाठी शब्द टाकतो. कोणाच्या शब्दाला वजन असते, कोणाच्या नसते. या वाक्प्रयोगांत शब्द म्हणजे बांधिलकी. तो बोलणाऱ्याला बांधून घेतो आणि ऐकणाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार देतो.

विद्यापीठात येणाऱ्या विद्यार्थ्याला ज्ञानव्यवहारातील इंग्रजी शब्द कसे मिळवून द्यावेत, हा प्रश्न आजवर बहुतांशी पहिल्या समजुतीच्या चौकटीत विचारला गेला. किती शब्द, कोणते शब्द, कोणत्या क्रमाने, असे त्याचे रूप राहिले. हे प्रश्न निरर्थक नाहीत. परंतु दुसऱ्या समजुतीच्या अंगाने विचार केल्याखेरीज त्यांतील नैतिक आशय प्रकट होत नाही, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२

इंग्रजी शब्दयाद्यांच्या इतिहासाची एक महत्त्वाची वाट भारतीय उपखंडातून जाते. माइकेल वेस्ट हे ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करीत होते. बंगालमधील द्विभाषिकतेविषयीचा त्यांचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. शाळा अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलांची मोठी संख्या पाहून त्यांनी एक प्रश्न उपस्थित केला. ज्याला इंग्रजीचे शिक्षण पुरे करता येणार नाही, त्याच्या हाती त्यातून काय पडते? त्यासाठी त्यांनी विमाव्यवहारातून 'सरेंडर व्हॅल्यू' ही संज्ञा उचलली. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तर काही रक्कम परत मिळते, तसे मध्येच थांबलेल्या शिक्षणाचेही काही मोल विद्यार्थ्याच्या पदरी पडले पाहिजे. म्हणून मोजक्या आणि वारंवार भेटणाऱ्या शब्दांच्या आधारे त्याला आधी वाचता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. सुमारे २००० शब्दांची त्यांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' १९५३ साली आली. शब्दयादीच्या मुळाशी गळती होणाऱ्या विद्यार्थ्याविषयीची न्यायबुद्धी होती, ही गोष्ट तिचे टीकाकार सहसा विसरतात. ती न्यायबुद्धी विम्याच्या भाषेत बोलत होती, ही गोष्ट तिचे पुरस्कर्ते विसरतात.

याच यादीच्या पुढची पायरी म्हणून न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट' प्रसिद्ध केली. कला, वाणिज्य, विधी आणि विज्ञान या चार शाखांतील सुमारे ३५ लाख शब्दांच्या लेखनातून त्यांनी ५७० शब्दकुले निवडली. वेस्ट यांच्या यादीत असलेले शब्द वगळून ही निवड झाली होती. अभ्यासलेल्या लेखनाचा सुमारे १० टक्के भाग या ५७० कुलांनी व्यापलेला आढळला, तर ललित गद्यात त्यांचे प्रमाण जेमतेम दीड टक्क्याच्या आसपास होते. दहा शब्दांमागे एक शब्द ज्याला अडतो, त्याला परिच्छेदाचा अर्थ निसटतो. त्यामुळे यादीची व्यावहारिक उपयुक्तता वादातीत आहे.

वाद आहे तो शब्दाच्या एकजिनसीपणाविषयी. केन हायलंड आणि पॉली त्से यांनी २००७ साली असे दाखवून दिले की यादीतील अनेक शब्द वेगवेगळ्या ज्ञानशाखांत वेगळ्या अर्थांनी, वेगळ्या सोबत्यांसह आणि वेगळ्या प्रमाणात येतात. 'व्हॉल्यूम' हा शब्द ग्रंथालयात खंड असतो आणि रसायनशाळेत आकारमान. 'अनॅलिसिस' साहित्याच्या अभ्यासकाकडून जी कृती मागतो, ती अभियंत्याकडून मागत नाही. पुढे २०१४ साली डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी १२ कोटी शब्दांच्या लेखनावरून नवी यादी केली. यादी सुधारत गेली, परंतु वारंवारता हेच तिचे प्रमाण राहिले. एखादा शब्द किती वेळा येतो हे वारंवारता सांगते. तो वापरणारा त्या क्षणी कोणती जबाबदारी पत्करतो, हे तिच्या कक्षेबाहेरचे आहे.

३

येथे एक पूर्वपक्ष विचारात घेतला पाहिजे. इंग्रजीच्या या पारिभाषिक ओझ्याखाली मराठी विद्यार्थ्याला वाकवण्यापेक्षा त्याच्या भाषेतच उच्च ज्ञान का आणू नये, असा प्रश्न देशीवादी भूमिकेतून विचारला जातो. त्यातील तत्त्व मान्य आहे. पण आपण निर्माण केलेली मराठी परिभाषा या विद्यार्थ्याला कितपत आपली वाटते, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे.

डेव्हिड कॉर्सन यांनी १९८५ साली इंग्रजीतील 'शाब्दिक अडसर' ही संकल्पना मांडली. इंग्रजीतील विद्याव्यवहाराचे शब्द मोठ्या प्रमाणावर ग्रीक आणि लॅटिन मुळांचे आहेत. घरी, रस्त्यावर, कारखान्यात ते फारसे कानी पडत नाहीत. त्यामुळे इंग्रजी ही मायबोली असलेल्या श्रमिक कुटुंबांतील मुलांनाही ते परके राहतात आणि शाळेत ती मागे पडतात. बोर्दिय आणि पासरों यांनी १९६५ मध्येच फ्रान्सच्या संदर्भात याहून व्यापक विधान केले होते. विद्यापीठाची भाषा कोणाचीच मातृभाषा नसते. मात्र तिच्यापासूनचे अंतर प्रत्येक वर्गासाठी सारखे नसते.

हे विधान मराठीलाही लागू पडते. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांतील संज्ञा असोत किंवा आपल्या समीक्षेत स्थिरावलेले 'संहिता', 'संरचना', 'विरचना', 'परिप्रेक्ष्य' हे शब्द असोत, त्यांचे घडण संस्कृतातले आहे. शेतकरी किंवा भटक्या समाजातून पहिल्यांदाच पदव्युत्तर वर्गात आलेल्या विद्यार्थ्याला 'डीकन्स्ट्रक्शन' आणि 'विरचना' हे दोन्ही सारखेच अपरिचित असतात. संस्कृतचा संस्कार असलेल्या घरातील विद्यार्थ्याला दुसरा शब्द किंचित ओळखीचा वाटतो, एवढाच फरक. शिवाय अनेक समीक्षालेखांत 'विरचना' या शब्दाने कोणतेही विरचन घडत नाही; लेखकाने अमुक ग्रंथ चाळले आहेत एवढीच वर्दी तो देतो. तेव्हा इंग्रजी काढून मराठी शब्द ठेवल्याने अडसर आपोआप दूर होत नाही. शब्द कोणत्या भाषेतला आहे या प्रश्नाइतकाच तो विद्यार्थ्याच्या हाती कसा येतो हा प्रश्नही मूलभूत ठरतो.

४

या दुसऱ्या प्रश्नाचा विचार भारतीय शब्दमीमांसेने विलक्षण बारकाईने केला आहे. शब्दाचा अर्थाशी असलेला संबंध कळणे याला आपल्या परंपरेत शक्तिग्रह म्हणतात. त्याची आठ साधने मानली गेली: व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवृति आणि परिचित पदाचे सान्निध्य. आजच्या शब्दसंपादनाच्या पाठ्यपुस्तकांतील बहुतेक युक्त्या या आठांत सामावतात. उपसर्ग आणि प्रत्यय ओळखून अर्थ लावणे हे व्याकरण, यादी हा कोश, समानार्थी शब्दाने केलेला खुलासा ही विवृति आणि संदर्भावरून अर्थाचा अंदाज हा वाक्यशेष. या सर्वांत मूळ साधन व्यवहाराचे, कारण कोश उघडण्यासाठीही काही शब्द आधी व्यवहारातून आलेले असावे लागतात.

मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'तून मराठी आणि संस्कृतच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले मीमांसकांचे उदाहरण येथे मार्गदर्शक ठरते. एक वडीलधारा माणूस दुसऱ्याला गाय आणायला सांगतो. दुसरा जाऊन गाय आणतो. बाजूला बसलेले मूल हे पाहते. पुढे घोडा आणण्याची आज्ञा होते, मग गाय बांधण्याची. एक पद काढले, दुसरे घातले की कृतीत काय बदलते हे पाहत मूल एकेका पदाचा अर्थ वेगळा करते. यालाच आवाप-उद्वाप म्हणतात. वृद्धव्यवहाराचे हे महत्त्व कुमारिलाच्या आणि प्रभाकराच्या दोन्ही परंपरांना मान्य आहे. मतभेद त्यापुढचा. अभिहितान्वयवादानुसार पदे आधी आपापला अर्थ सांगतात आणि मग त्या अर्थांचा अन्वय होतो. प्रभाकराच्या अन्विताभिधानवादानुसार पद मुळात अन्वित अर्थच सांगते. वाक्यातील संबंधाबाहेर त्याला सुटा अर्थ नाही.

शब्दयादी ही स्वभावतः अभिहितान्वयवादी असते. 'इंडिकेट म्हणजे दर्शवणे' असा सुटा अर्थ ती देते आणि अन्वयाची जबाबदारी विद्यार्थ्यावर सोडते. या दोन वादांतील निवाडा करण्याचे हे स्थळ नाही. पण उदाहरणातील एक तपशील महत्त्वाचा आहे. तेथे गाय खरोखर आणली जाते. आज्ञा दिल्याने काही घडते, चुकीचा प्राणी आणला तर कोणी तरी हटकते आणि शिकणारा ते पाहतो. आपल्या पुष्कळशा वर्गांत हा वृद्धव्यवहारच अनुपस्थित असतो. विद्यार्थी 'हायपॉथिसिस' हा शब्द नोट्समधून उतरवून घेतो, गाइडमधून पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेत लिहितो. परंतु एखादे गृहीतक मांडले जात आहे, त्यावर आक्षेप येत आहे आणि ते मागे घेतले जात आहे, असा प्रसंग त्याच्या दृष्टीस पडत नाही. आज्ञा ऐकू येते, गाय कधीच येत नाही. हा अभाव भरून काढण्याचे दायित्व विद्यार्थ्याचे नसून वृद्धांचे, म्हणजे अध्यापकांचे आणि संस्थेचे आहे. त्याचे खापर विद्यार्थ्याच्या 'कच्च्या इंग्रजी'वर फोडणे अन्यायाचे ठरते.

५

विद्यापीठीय इंग्रजीतील क्रियापदांकडे या दृष्टीने पाहिले तर शब्दसंपत्ती आणि शब्द देणे यांतील नाते स्पष्ट होते. 'सजेस्ट', 'इंडिकेट', 'डेमन्स्ट्रेट', 'एस्टॅब्लिश' ही चार क्रियापदे अनेक कोशांत आणि याद्यांत जवळजवळ शेजारी नांदतात. प्रत्यक्षात ती वचनाच्या चढत्या पायऱ्या आहेत. पुरावा अमुक गोष्ट सुचवतो असे लिहिणाऱ्याने थोडे वचन दिले आहे. ती प्रस्थापित होते असे लिहिणाऱ्याने बरेच दिले आहे, आणि ते त्याच्याकडून वसूल करण्याचा वाचकाला हक्क आहे.

ही जाण विद्यार्थ्याला नव्याने द्यावी लागते असे समजणे चूक आहे. 'पाऊस पडला', 'पाऊस पडला असावा', 'पाऊस पडला असेल' आणि 'पाऊस पडला म्हणे' या चार विधानांतील फरक कोणत्याही मराठी भाषकाला कळतो. स्वतः पाहिलेले, ओल्या अंगणावरून ताडलेले, केवळ अंदाजाने म्हटलेले आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेले यांची सरमिसळ तो सहसा करीत नाही; केली तर गावात त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. हाच विद्यार्थी इंग्रजीत ऐकीव गोष्टीला 'प्रूव्ह' म्हणतो, तेव्हा त्याची विवेकबुद्धी कमी पडलेली नसते. ती नव्या शब्दांपर्यंत पोहोचू दिलेली नसते. 'अझ्यूम' शिकवताना 'मला गृहीत धरू नका' या रोजच्या वाक्यातील तक्रार त्याच्या मदतीला येऊ शकते. 'इम्प्लाय' आणि 'इन्फर' यांतील भेद शिकवताना तर मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे अख्खी परंपरा असते. सूचन हे शब्दाच्या बाजूला घडते, अनुमान ऐकणाऱ्याच्या बाजूला. आनंदवर्धनाने ज्याला ध्वनी म्हटले ते अनुमानातच अंतर्भूत होते, असे अकराव्या शतकात महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त प्रतिपादिले. हा वाद ज्याने अभ्यासला आहे त्याला त्या दोन इंग्रजी क्रियापदांतील सीमारेषा आणि तिच्यावरील तंटा हे दोन्ही कळू शकतात, अट एवढीच की वर्गात या दोन गोष्टींची गाठ कोणी तरी घालून दिली पाहिजे.

ती घालून दिली नाही तर काय होते, याचा अनुभव शोधप्रबंधांच्या क्षेत्रात येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याच्या पातळ्या साम्याच्या टक्केवारीवर ठरवल्या: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, आणि पुढे ४० व ६० टक्क्यांच्या सीमांनुसार वाढत जाणारी शिक्षा. चौर्याला आळा घालण्याचा हेतू योग्यच होता. मात्र टक्केवारी कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे उतरवलेल्या वाक्यातील शब्दांच्या जागी समानार्थी शब्द बसवणे. येथे शब्दसंपत्ती वेषांतराच्या कामी येते. मूळ लेखकाने जपून 'सजेस्ट' लिहिलेले असते. साम्य टाळण्यासाठी त्याचे 'प्रूव्ह' होते. आकडा खाली येतो, आणि मूळ संशोधकाने कधीही न दिलेले वचन त्याच्या नावावर खपवले जाते. हा अपराध उघड चोरीहून सूक्ष्म आहे, आणि टक्केवारी मोजणाऱ्या यंत्राला तो दिसत नाही. आता तर संगणकीय भाषाप्रणाली काही क्षणांत सफाईदार विद्यापीठीय इंग्रजी परिच्छेद पुरवतात. शब्द मिळवणे इतके सुलभ झाल्यावर शब्दसंपत्ती हे विद्वत्तेचे लक्षण उरत नाही. या वाक्यासाठी कोण उत्तर देईल, हा एकच प्रश्न शिल्लक राहतो.

६

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. ज्याच्याकडे मुळात शब्दच नाहीत त्याला शब्दाच्या जबाबदारीचे धडे देणे ही सुस्थितांची चैन नव्हे काय? अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ लिसा डेल्पिट यांनी १९८८ साली असाच सवाल उदारमतवादी अध्यापकांना केला होता. सत्तेच्या भाषेचे संकेत ज्यांना घरातून मिळत नाहीत, त्यांना ते उघडपणे शिकवले पाहिजेत. 'तुमच्या आतला आवाज शोधा' असे सांगून त्यांना वाऱ्यावर सोडणे म्हणजे दार बंद ठेवणेच होय. हा आक्षेप बिनतोड आहे, आणि म्हणून यादी टाकून द्यावी असे येथे सुचवलेले नाही. ५७० शब्दकुले शिकवणे हे अध्यापकाचे किमान कर्तव्य आहे. परंतु ज्या विद्यार्थ्याकडे समाजाने वंचित म्हणून पाहिले, त्याला शब्द पुरवावेत आणि त्या शब्दांनी वाद घालण्याचा अधिकार मात्र इतरांसाठी राखून ठेवावा, ही विभागणी त्याच्या वंचिततेलाच कायम करते.

ही विभागणी अपरिहार्य नाही याचा पुरावा मराठी मुलखातील एका विद्यार्थ्यानेच दिला आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयी निबंध वाचला. त्यातील 'एंडोगमी' आणि 'एक्झोगमी' या संज्ञा मॅक्लेनन यांनी १८६५ साली रूढ केलेल्या, ग्रीक मुळांच्या, सर्वार्थाने परक्या होत्या. आंबेडकरांनी त्या शोभेसाठी वापरल्या नाहीत. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी जातीची दोन लक्षणे दिली होती: सभासदांच्या पोटी जन्मलेल्यांनाच सभासदत्व आणि जातीबाहेर विवाहास बंदी. ही दोन लक्षणे नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे आंबेडकरांनी दाखवून दिले. बहिर्विवाहावर अंतर्विवाहाचे आरोपण म्हणजे जातीची निर्मिती, असे सूत्र त्यांनी मांडले. अंतर्विवाह टिकवायचा तर स्त्री-पुरुषांच्या संख्येत जे 'अतिरिक्त' उरतात त्यांची विल्हेवाट समाजाला लावावी लागते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांची उपपत्ती त्यांनी यातून लावली. 'सरप्लस' हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या सहज ओळखीचा शब्द. तो त्यांनी विवाहसंस्थेकडे नेला, तेव्हा धर्माच्या आवरणाखालील हिशेब उघडा पडला.

निबंधाच्या अखेरीस आपली उपपत्ती टिकणारी नाही असे कोणी दाखवून दिल्यास ती सोडून देण्याची तयारी त्यांनी नमूद केली आहे. तिला केवळ विनयाचा संकेत मानणे योग्य होणार नाही. ज्याचे विधान खोडता येते त्यानेच खरे विधान केलेले असते. आणि आपले विधान खोडण्याचे आवाहन जो देतो तो स्वतःला शब्द देण्यास पात्र मानतो. ज्या समाजव्यवस्थेने त्यांच्या शब्दाला सार्वजनिक व्यवहारात किंमत नाकारली होती, तिच्याविषयी तिच्याबाहेरच्या एका सभेत ते बोलत होते, हे ध्यानात घेतले की या तयारीचे नैतिक वजन कळते. त्यांच्या असामान्य प्रतिभेचा दाखला देऊन सामान्य विद्यार्थ्याला यातून वगळण्याचे कारण नाही. चर्चासत्र, समोर ठेवलेल्या चार व्याख्या आणि त्यांवर आक्षेप घेण्याची मुभा या गोष्टींना प्रतिभा लागत नाही. त्या संस्थेने पुरवायच्या असतात.

तेव्हा विद्यार्थ्याने वर्षभरात किती नवे इंग्रजी शब्द मिळवले हे विचारावे. पण तेवढ्यावर थांबू नये. त्याच्या प्रबंधात जेथे 'एस्टॅब्लिश' आले आहे तेथे बोट ठेवून, हे कशाने प्रस्थापित झाले, आणि कोणता पुरावा समोर आला तर तुम्ही हे क्रियापद बदलाल, असे मौखिक परीक्षेत विचारावे. उत्तर तो मराठीत देईल तर मराठीत ऐकावे. हा प्रश्न त्याला पहिल्या वर्षापासून वर्गात विचारला गेला असेल तर मौखिक परीक्षेत तो गांगरणार नाही. आणि तो विचारणाऱ्या अध्यापकाला आपल्या व्याख्यानातील क्रियापदांचाही हिशेब द्यावा लागेल, कारण वृद्धव्यवहारात शिकणारा वृद्धांचे बोलणे ऐकत असतो, तसे त्यांच्या बोलण्याचे पुढे काय होते तेही पाहत असतो.